अंगणातला तांबडा ट्रॅक्टर

"अठरा हजार देतो आणि आजच उचलतो," असे म्हणत भंगारवाल्याने खिशातून नोटांची गड्डी काढली. ही गोष्ट सप्टेंबर २०२३ ची. आमच्या गावच्या घरी, निफाड तालुक्यात, अंगणाच्या कोपऱ्यात सहा वर्षे ताडपत्रीखाली उभा असलेला लहान ट्रॅक्टर त्याने किलोच्या हिशेबाने मोजला होता. धाकटे बंधू द्यायला तयार होते. त्यांचेही चूक नव्हते. शेती तेच पाहतात आणि भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. मुलीच्या शिक्षणाचा खर्चही समोर होता. पण ज्या मुलीच्या शिक्षणासाठी ट्रॅक्टर विकायचा, ती आमची पुतणीच मध्ये आली. ती आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करीत होती. "पप्पा, इंजिन उघडून बघितल्याशिवाय मेलं कसं म्हणता?" एवढेच ती बोलली. आईने भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठविले.

हा ट्रॅक्टर म्हणजे 'मित्सुबिशी शक्ती'. बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने काढलेला, तीन सिलिंडरचा, साडेअठरा अश्वशक्तीचा. रुंदी चार फुटांच्याही आत, म्हणून द्राक्षबागेच्या दोन ओळींतून सहज जातो. आमचा १९८९ च्या बनावटीचा. एका बागाईतदाराने मोठा घेतला तेव्हा १९९९ मध्ये वडिलांनी तो जुना विकत घेतला. वडील एस.टी.च्या आगारात फिटर होते. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून त्यांनी हे लोखंड घरी आणले, तेव्हा भावकीत पुष्कळांनी नावे ठेवली. दोन एकरांच्या रानाला ट्रॅक्टर कशाला, असा सवाल होता.

त्याचे उत्तर वडिलांनी कुणाला दिले नाही, पण आम्हाला ते ठाऊक होते. आमचे रान म्हणजे वतनाचा तुकडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. त्यानंतर कब्जेहक्काची रक्कम भरून ही जमीन आजोबांच्या नावे झाली. जमीन नावावर झाली, पण नांगर दुसऱ्याचाच राहिला. पाऊस झाला की वाफसा येतो तो दोन-चार दिवसांपुरता. तेवढ्यात नांगरट-वखरणी झाली तर पेरणी साधते. गावातला भाड्याचा ट्रॅक्टर आमच्या रानात यायचा तो सगळ्यांची राने उरकल्यावर. "येतो की, जातोय कुठं," हे उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. तोंडाने कुणी कमी-जास्त बोलत नसे. फक्त आमचा नंबर दरवर्षी शेवटचा लागे, आणि तोवर ढेकळे दगड झालेली असत.

आम्ही वाणिज्य शाखेचे. भांडवल हा शब्द आम्ही पुस्तकात वाचला, तो उमजला मात्र या ट्रॅक्टरपाशी. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक इंग्रजी निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्या जमिनीला श्रम, भांडवल आणि अवजारे किती प्रमाणात मिळतात यावरून ठरते, असे त्यांनी त्यात मांडले आहे. आपल्या वस्त्यांत जमिनीची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्यातले. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात माणसे तुरुंगात गेली ती जमिनीसाठीच. पण अवजाराची चर्चा आपण फारशी केली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वडील २०१७ मध्ये कालकथित झाले आणि ट्रॅक्टर उभा राहिला. उभा राहिला म्हणून बिघडला, एवढे साधे ते कारण आहे. वडील काम संपले की सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घालीत. त्यांच्यामागे तो डबा कुणी घातला नाही. ताडपत्री फाटली, पावसाचे पाणी सायलेन्सरमधून थेट इंजिनात उतरले आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला धरून बसल्या. फुकटच्या डब्यापायी इंजिन जाम झाले.

काम सुरू केले ते अशोक विजयादशमीला. त्या दिवशी गावात वाहनांना झेंडूचे हार चढतात. आम्ही बावीस प्रतिज्ञा पाळणारी माणसे, यंत्राची पूजा करीत नाही. वडील त्या दिवशी इंजिन ऑइल बदलीत असत. आम्हीही तेच केले, तर ऑइल ताकासारखे पांढुरके निघाले. म्हणजे आत पाणी होते.

गावातल्या जाणत्यांनी सल्ला दिला की दुसरा ट्रॅक्टर लावून ओढा, झटक्याने सुटेल. पुतणीने साफ नकार दिला. जाम इंजिन असे ओढले तर रिंगा तुटतात आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिने तिन्ही नोझल काढून त्या भोकांतून डिझेल व ऑइल निम्मेनिम्म करून ओतले, वर चिंध्यांचे बोळे लावले आणि आठवडाभर कुणी हात लावायचा नाही असा हुकूम सोडला. पुढच्या रविवारी पुढच्या पुलीला पाना लावून हलकेच मागेपुढे केले. हलले नाही. पुन्हा ओतले. तिसऱ्या रविवारी पुली करंगळीएवढी फिरली. आम्ही त्या वेळी पाना धरून होतो. हाताला ते जाणवले आणि क्षणभर वाटले की भासच झाला. पुतणीने पुलीवर खडूने खूण केली होती, ती सरकलेली दिसली तेव्हा खरे वाटले.

त्यापुढचे काम कष्टाचे, पण अवघड नव्हे. पिंपळगाव बसवंतला जाऊन नोझल तपासून आणले. टाकीत गंजाचा गाळ होता. ती उतरवून आत मूठभर नट आणि थोडे डिझेल घालून दोघांनी पाळण्यासारखी हलविली, तीन वेळा धुतली. उंदरांनी वायरिंग खाल्ले होते, ते नवे केले. रेडिएटरचे होज हातात चुरगळले. सुटे भाग काढताना प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावण्याचे काम आम्ही आपणहून घेतले. कारकुनाला दुसरे काय येते! पुढे मात्र त्या चिठ्ठ्यांनीच वेळ वाचविला. डिझेलच्या नळीतली हवा काढून जानेवारीत स्टार्टर मारला, तेव्हा आधी पांढरा धूर, मग काळा, आणि मग इंजिन लयीत बोलू लागले. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि काही न बोलता ओट्यावर बसून राहिली.

आता रंगाचा प्रश्न आला, आणि घरात खरा वाद झाला तो इथे. वस्तीतल्या मुलांचा आग्रह होता की निळा रंग द्या. भीमजयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेचा रथ ओढायला हाच ट्रॅक्टर असायचा, तर तो निळाच शोभेल. मुलांची भावना आम्हाला मान्य होती. पण नोंदणी पुस्तकात वाहनाचा रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर परिवहन कार्यालयात अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते. आमची तर नोंदणीच २०१९ मध्ये संपलेली. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ते वडिलांनी २०१४ मध्ये शेवटचे केले होते. आम्ही हे सगळे कलमवार समजावून सांगितले. मुले जांभया देऊ लागली. मग आई म्हणाली, "तुझ्या बाबानं आणला तेव्हा तांबडाच होता. बांधावरून येताना लांबून दिसला. सगळ्यांच्या आधी आपल्या रानात गेला." वाद तिथेच संपला. निळा झेंडा लावायला बॉनेटशेजारी एक नळी वेल्ड करून घ्यायची, यावर मुलांनी समाधान मानले.

घरी रंगकाम करू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो. रंगाआधीची घासाई हेच खरे काम. आधी रॉकेलच्या ब्रशाने ग्रीस काढावे, नाहीतर पॉलिश पेपर तेलातच फिरतो. तारेच्या ब्रशाने गंज, मग जाड पेपर, मग बारीक. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून पेपर पाण्यात बुडवून घासावे, तोंडाला फडके बांधावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे. उघडा पडलेला पत्रा थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारावा. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस गंज धरतो. पोचे लांबी भरून सपाट करावे. टायर व दिवे झाकायला वर्तमानपत्रे लागतात. आमच्या आयुष्मतींनी धम्म-चळवळीच्या साप्ताहिकांचा गठ्ठा पुढे केला, तो आम्ही परत कपाटात ठेवला आणि शेजाऱ्यांकडून रद्दी मागून आणली.

एक चूक आमचीच. भाड्याचा कॉम्प्रेसर एका दिवसासाठी मिळाला होता, म्हणून जानेवारीच्या शेवटी सकाळी सातलाच फवारणी सुरू केली. निफाडची थंडी सर्वांना माहीत आहे. पत्र्यावर दव होते. दुपारपर्यंत बॉनेटची चकाकी मरून पांढुरके डाग उमटले, शिवाय घाईने दुसरा हात जाड दिल्यामुळे मडगार्डवर ओघळ आले. बंधू म्हणाले, "राहू द्या, रानात कोण बघतंय." पण पुतणी आणि आई दोघींनी मिळून तो सगळा रंग पुन्हा घासला, चार दिवस. फेब्रुवारीत ऊन तापल्यावर, पण सावलीत, दुपारी बारा ते तीन या वेळेत पुन्हा मारला. पहिला हात पातळ, तो बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत थांबून दुसरा. या वेळी बॉनेटमध्ये आईचा चेहरा दिसला.

एकूण खर्च २७,२०० रुपये. त्यात रंग, प्राइमर, थिनर, पेपर आणि दोन वेळचे कॉम्प्रेसर-भाडे मिळून ५,७५० रुपये. लोक पाहतात तो रंग, पैसे खाल्ले ते बॅटरी, टायर व इंजिनाने. कुणी विचारील की एवढ्यात नवाच का घेतला नाही? शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने २०१२ मध्ये अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना काढली. साडेतीन लाखांच्या मर्यादेत नव्वद टक्के अनुदान, दहा टक्के गटाचे, म्हणजे फक्त पस्तीस हजार. ज्या गटांना अशी संधी मिळते त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र ट्रॅक्टर मिळाल्याच्या दिवशीचा फोटो काढून झाला की त्याच्या ऑइलची, फिल्टरची, चालविण्याची आणि भाड्याच्या पैशांची वही कोण ठेवणार, हे गटाने आधी ठरवावे. आपल्या मुली हे काम शिकू शकतात. आमच्या घरात एकीने शिकून दाखविले आहे.

मार्चमध्ये विमा काढून, नमुना २५ भरून, तपासणी करून घेऊन नोंदणीचे नूतनीकरण केले. विलंबाचा दंड बसला, तो वरच्या हिशेबात धरलेला नाही. १४ एप्रिल २०२४ ला रथ ओढला, पुतणीने चालविला. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर वाफसा आला, तेव्हा आमचे दोन एकर एका दिवसात झाले. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या एका विधवा भगिनीच्या एकरभर रानात तो गेला. तिसऱ्या दिवशी एका बागाईतदाराचा निरोप आला की बागेच्या ओळींतून फिरवून द्या. आईने चौथ्या दिवशीची वेळ दिली.

मागच्या हायड्रॉलिकचे एक सील अजून गळते. ते दोनदा बदलले, तरी थेंब पडतोच. खाली परात ठेवलेली आहे, आणि सायलेन्सरवर डबा.