मोजायला कारण हवं

अडीच-तीन वर्षांचं मूल घडाघडा उजळणी म्हणू लागलं की घरात कौतुक सुरू होतं. पाहुणे आले की त्याला एक ते वीस म्हणून दाखवायला सांगतात. त्याच मुलापुढे चिंचोके पसरून ‘यातले चार मला दे’ असं म्हणून पाहा. कुणी दोन देतं, कुणी सात, कुणी सरळ मूठभर उचलून देतं. वीसपर्यंतचे आकडे तोंडपाठ असलेल्या या मुलाला ‘चार’ म्हणजे नेमके किती, हे अजून उमगलेलं नसतं. त्यात काळजीचं काही नाही. आकड्यांची माळ म्हणणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी पायरी चढायला मुलांना पुष्कळ वेळ लागतो आणि तिथंच त्यांना मोठ्यांची सोबत लागते.

मूल मोजायला शिकतं म्हणजे नेमकं काय शिकतं, हे रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एका पुस्तकात उलगडून सांगितलं. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यायचा. आकड्यांचा क्रम बदलायचा नाही. शेवटी उच्चारलेला आकडा हीच सगळ्यांची मिळून संख्या. कुठूनही मोजायला सुरुवात केली तरी उत्तर तेच. आणि मोजण्याची ही रीत चिंचोक्यांना लागू, तशीच टाळ्यांना आणि पावलांनाही लागू. मोठ्यांना हे इतकं सवयीचं झालेलं असतं की यात शिकण्यासारखं काही आहे, हेच लक्षात येत नाही.

पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला करेन विन यांनी ‘मला इतके दे’ याच साध्या खेळातून मुलांची वाटचाल तपासली. मुलांना आधी फक्त ‘एक’ कळतो. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतात, मग ‘तीन’. हा प्रवास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालतो. त्यानंतर, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास, शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या हे मुलाच्या ध्यानात येतं आणि मोजणीचा अर्थ त्याला सापडतो.

ही पायरी डळमळीत राहिली तर पुढचं गणितही डळमळतं. ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मुलांच्या सहा दीर्घकालीन पाहण्यांमधली माहिती एकत्र करून तपासली. शाळेत येताना मुलाला जे येत असतं, त्यापैकी पुढच्या यशाचा सर्वांत चांगला अंदाज गणिताच्या सुरुवातीच्या समजेवरून बांधता येतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडचं चित्र ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात आहे. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांनाच हातच्याची वजाबाकी जमते. या मुलांना वजाबाकीचा सराव हवाच. पण ज्या संख्यांची वजाबाकी करायची, त्या संख्या मनात नीट रुजल्या आहेत का, हे त्याआधी पाहायला हवं. ते रुजवण्याचं वय बालवाडीचं, अंगणवाडीचं, आजीच्या मांडीवर बसण्याचं आहे. त्या वयाला शोभेल असं साधन म्हणजे चित्रपुस्तक.

चित्रं असलेलं गणिताचं पुस्तक आपल्याला नवं नाही. मराठी घरातल्या अंकलिपीत प्रत्येक आकड्यापुढे तितक्या वस्तूंची चित्रं असतात. आकडा आणि संख्या यांची गाठ तिथंही घातलेली असते. पण अंकलिपीतले पाच आंबे मोजायचे कशासाठी? ते पाच आहेत हे आकड्यानं आधीच सांगून टाकलेलं असतं. गोष्टीच्या पुस्तकात मात्र मोजण्यावाचून चालत नाही, कारण पुढे काय होणार हे त्यावर अवलंबून असतं.

इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचं १९८६ सालचं ‘द डोअरबेल रँग’ घ्या. आई दोन भावंडांसाठी बारा बिस्किटं करते. प्रत्येकाला सहा. तेवढ्यात दारावरची घंटा वाजते, शेजारची दोन मुलं येतात. आता प्रत्येकी तीन. पुन्हा घंटा, आता सहाजण. मग आणखी सहा. ताटल्यांतली बिस्किटं कमी होत जातात आणि ऐकणाऱ्या मुलाचा जीव टांगणीला लागतो. बारा जणांत एकेक बिस्कीट आल्यावर घंटा पुन्हा वाजते, तेव्हा मूल स्वतःहून ‘आता पुरणार नाहीत!’ असं म्हणतं. बिस्किटं बाराच राहतात, माणसं वाढतात, वाटा घटतो. भागाकाराचा गाभा चार वर्षांच्या मुलाला पोटातून कळतो आणि चिन्ह एकही लिहावं लागत नाही.

याच लेखिकेच्या ‘रोझीज वॉक’मध्ये एक कोंबडी शेतावर फेरफटका मारायला निघते. मागून कोल्हा येतो, पण मजकुरात त्याचं नावही नाही, तो फक्त चित्रात दिसतो. कोंबडी कशाच्या भोवतीनं जाते, कशावरून, कशाच्या मधून, कशाच्या खालून. हे शब्द भूमितीचे आहेत. जी मुलं लहानपणी असे जागा आणि आकार दाखवणारे शब्द अधिक वापरतात, ती पुढे आकृत्यांची कोडी सोडवण्यात अधिक तयार असतात, असं शॅनन प्रुडेन, सुसान लेव्हिन आणि जॅनेलन हटनलोकर यांच्या २०११ च्या अभ्यासात आढळलं.

गंमत अशी की यातली बरीच पुस्तकं गणित शिकवण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. नेदरलँड्समधल्या मार्या फान डेन हॉइफेल-पानहाउझेन यांनी नेमका हाच धागा धरला. एर्न्स्ट यांडल यांची कविता आणि नॉर्मन युंगे यांची चित्रं असलेल्या एका पुस्तकात मोडकी पाच खेळणी डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलेली असतात. दार उघडतं, एक बाहेर येतं, एक आत जातं. २००८ च्या एका छोट्या अभ्यासात पाच वर्षांच्या चार मुलांना हे पुस्तक वाचून दाखवलं. कुणी प्रश्न विचारला नाही, कुणी सूचना केली नाही. तरी मुलं जे काही बोलली, त्यातलं जवळजवळ निम्मं गणिताशी निगडित होतं. किती उरले, आता कोणाचा नंबर, कोण कोणाच्या शेजारी.

चार मुलांवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून पुढे मोठा प्रयोग झाला. नेदरलँड्सच्या १८ शाळांतल्या १८ बालवर्गांमधली ३८४ मुलं त्यात होती. नऊ वर्गांत तीन महिने निवडक चित्रपुस्तकं वाचली गेली, उरलेल्या नऊ वर्गांत नेहमीचं काम चालू राहिलं. शिक्षकांनी गोष्टीचा गणिताचा तास करायचा नव्हता. एखाद्या चित्रापाशी थांबून ‘हे कसं बरं झालं?’ असं स्वतःशीच मोठ्यानं म्हणायचं, कधी आपल्याला काही कळलं नाही असं दाखवायचं, कधी नुसता प्रश्नार्थक चेहरा करायचा. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाले. संख्या, मोजमाप आणि भूमिती या विषयांच्या चाचणीत पुस्तकांच्या वर्गांची प्रगती दुसऱ्या वर्गांपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त होती. एकूण परिणाम मोठा नव्हता आणि तो मुलींमध्येच ठळक दिसला. चित्रपुस्तक हा जादूचा दिवा नाही, हे यातून स्पष्ट होतं. पण रोजच्या गोष्टीच्या वेळेतून, एकही जादा तास न घेता एवढं साधत असेल, तर ते सोडून देण्यासारखं नाही.

घरी काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. शिकागोच्या संशोधकांनी दोन ते चार वर्षांच्या शंभर मुलांच्या पालकांना चार आठवडे रोज वाचायला चित्रपुस्तकं दिली. काहींना एक ते तीन या संख्यांची, काहींना चार ते सहाची, काहींना संख्याच नसलेली. एक ते तीनची पुस्तकं विशेष उपयोगी पडली. मोठ्या संख्यांच्या पुस्तकांचा फायदा आधीच थोडं पुढे गेलेल्या मुलांना झाला. २०२० च्या या अभ्यासातून आपण घ्यायचं ते हे, की मुलाला जिथपर्यंत कळतं त्याच्या एक पाऊल पुढचं पुस्तक द्यावं. तीनच कळणाऱ्या मुलापुढे शंभराचा तक्ता टांगून काही हाती लागत नाही.

कसं मोजावं, यालाही महत्त्व आहे. केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी साडेतीन वर्षांच्या मुलांबरोबर सहा आठवडे काम केलं. नुसतं मोजून दाखवलं तर फारसा फरक पडला नाही, नुसती संख्या सांगितली तरी नाही. ‘ही बघ तीन बदकं’ असं सांगून लगेच ‘एक, दोन, तीन’ असं बोट ठेवत मोजलं, तेव्हा मात्र मुलं पुढे सरकली. इतकी लहान गोष्ट, पण शेवटचा आकडा आणि एकूण संख्या एकच आहेत हे तिच्यातूनच मुलाला दिसतं.

चित्रं हवीत म्हणून हवी तितकी भरायची, असं मात्र नाही. जेनिफर कमिन्स्की आणि व्लादिमिर स्लॉट्स्की यांनी २०१३ साली सहा ते आठ वर्षांच्या मुलांना स्तंभालेख शिकवले. काहींचे स्तंभ साध्या रंगाचे होते, काहींच्या स्तंभांत वस्तूंची चित्रं काढलेली होती. चित्रांवर शिकलेल्या अनेक मुलांनी पुढे बाजूची मोजपट्टी वाचलीच नाही, ती स्तंभातली चित्रंच मोजत बसली. चित्रानं संख्येकडे बोट दाखवायला हवं. पानावर नुसती गर्दी असेल, तर मूल तिच्यात हरवून जातं.

ही जाण कमालीची होती ती जपानच्या मित्सुमासा आन्नो यांना. चित्रकार होण्याआधी ते शाळेत शिक्षक होते. त्यांच्या १९७५ सालच्या मोजणीच्या पुस्तकात मजकूर नाही. पहिलं पान शून्याचं, त्यावर बर्फानं झाकलेला ओसाड माळ. पुढच्या पानावर एकाचं राज्य, मग दोनाचं. महिने पुढे सरकतात, बर्फ वितळतो, घरं, झाडं, माणसं, जनावरं त्या-त्या संख्येनं वाढत जातात आणि बारापर्यंत एक गाव उभं राहतं. पानाच्या कडेला रंगीत ठोकळे एकावर एक चढत असतात. मुलानं शोधावं, मोजावं, पुन्हा पान उलटून खात्री करावी, एवढीच अपेक्षा. १९८३ साली मुलगा मासाइचिरो यांच्यासह त्यांनी केलेल्या दुसऱ्या पुस्तकात एका बरणीतून समुद्र निघतो, त्यात एक बेट, बेटावर दोन देश, प्रत्येक देशात तीन डोंगर, अशी गोष्ट दहा-दहा बरण्यांपर्यंत वाढत जाते. शेवटी बरण्यांची संख्या ३६,२८,८०० होते. क्रमगुणित म्हणून कॉलेजात भेटणारी कल्पना मूल तिथं डोळ्यांनी पाहतं.

ही पुस्तकं हाताशी नसली तरी अडत नाही. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून चित्रकथा मोफत वाचता येतात, त्यात मराठी पुस्तकं भरपूर आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या मराठी पुस्तकांत घरातली माणसं आहेत, आणि माणसं असली की गणित आलंच. घरात कितीजण? सगळे एकदम जेवायला बसले तर ताटं किती लागतील? आजी राधापेक्षा मोठी, मग आजीपेक्षा मोठं कोण? असे एक-दोन प्रश्न पुरे. पहिल्या वाचनात गोष्टीचा आनंद घ्यावा, प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वाचनासाठी राखावेत. उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणू नये, ‘बघू या का मोजून?’ म्हणावं आणि बोट मुलाचं असावं.

गणिताची भीती असलेल्या पालकांनाही यात जागा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, शिकागो परिसरातल्या पहिलीच्या ५८७ मुलांच्या अभ्यासात एका गटाच्या घरी रात्री वाचायच्या छोट्या गोष्टी आणि त्यांवरचे गणिती प्रश्न टॅबलेटवरून पोहोचवले गेले. ज्यांच्या पालकांनाच गणिताचा धसका होता, त्या मुलांची प्रगती सर्वांत उठून दिसली, आणि त्यासाठी आठवड्यातून एकदा बसणंही पुरेसं ठरलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेलं, भोवतालच्या साध्या वस्तूंना शिक्षणाची साधनं केलं. आजच्या अंगणवाड्यांत मात्र फळ्यावरचे आकडे गिरवून घेण्यावर भर दिसतो. प्रत्येक अंगणवाडीत चांगल्या चित्रपुस्तकांचा एक लहान संच असावा, ती कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती यावीत, आणि ती कशी वाचायची याचं प्रशिक्षण सेविकांना मिळावं. हा खर्च फार मोठा नाही. पण तो पहिलीच्या आधी व्हायला हवा, कारण तिसरीत वजाबाकीपाशी अडलेल्या मुलाची अडचण बहुतेक वेळा त्याच्या चौथ्या वर्षीच सुरू झालेली असते.