संशोधन गावात, परिसंवाद सभागृहात

विद्यापीठातला आरोग्यावरचा परिसंवाद कसा असतो, हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. रोपाला पाणी घालून उद्घाटन, शाल-श्रीफळ, बीजभाषण, जेवणानंतर रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या आणि शेवटी प्रमाणपत्रासाठी रांग. 2010 साली प्राध्यापकांच्या बढतीत परिसंवादांचे गुण धरले जाऊ लागले, तेव्हापासून ही रांग काही कमी झालेली नाही. विमानतळाला खेटून असलेल्या गडमुडशिंगीपासून शिवाजी विद्यापीठ फार लांब नाही. पण मुडशिंगीतली बाई त्या सभागृहात दिसत नाही. येऊ नको असं तिला कुणी म्हटलेलं नसतं, आणि ये असंही नाही.

गंमत अशी, की त्या सभागृहातल्या पडद्यावर दाखवलं जाणारं पुष्कळसं संशोधन तिच्यासारख्याच बायकांच्या अंगावर झालेलं असतं.

बार्शीचंच घ्या. तिथलं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 497 गावांत 1999 पासून एक मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या एक लाख 31 हजारांवर बायका त्यात होत्या. प्रश्न साधा होता: गर्भाशयमुखाचा, म्हणजे गावात ज्याला पिशवीच्या तोंडाचा म्हणतात तो कॅन्सर, एकाच तपासणीने रोखता येईल का? आरोग्यसेविका घरोघर जायच्या, समजावून सांगायच्या, संमती घ्यायच्या. गावातच तात्पुरता दवाखाना उभा करून बारीक ब्रशने नमुना घेतला जायचा. दोष निघालाच, तर पुढची तपासणी आणि उपचार.

गावांचे चार गट पाडले होते. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या आणि चौथ्यात काहीच नाही, फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. आठ वर्षांनी हिशोब झाला. तपासणी न झालेल्या 31,488 बायकांपैकी 64 जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात 34,126 पैकी 34. बाकी दोन तपासण्यांनी असा ठळक फरक पडला नाही. 2009 साली हा निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला.

आता हेच आकडे दोन तऱ्हांनी सांगता येतात. ‘मृत्यू निम्म्यावर आले’ हे खरं आहे. ‘आठ वर्षांत हजारी दोनाऐवजी एक बाई गेली’ हेही तितकंच खरं. पहिलं वाक्य बातमीत येतं, औषध कंपनीच्या पत्रकात तर हमखास. दुसऱ्याने मात्र कळतं, की आपल्या गावात नेमका किती फरक पडेल. हजारी एक ऐकायला किरकोळ वाटतं, पण जिल्ह्याच्या लाखो बायकांना लावून पाहा. नवं औषध, नवी लस, नवी तपासणी, काहीही असो, ‘निम्म्यावर’ म्हणजे किती वरून किती, एवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

अवघड प्रश्न चौथ्या गटाचा आहे. तुलनेसाठी असा गट लागतो, नाहीतर फरक तपासणीमुळे पडला की आपोआप, हे ठरत नाही. पण एकीला तपासायचं आणि दुसरीला तसंच ठेवायचं, हे योग्य का? या आणि मुंबईतल्या अशाच अभ्यासावर पुढे वैद्यकीय नीतीच्या वर्तुळात कडाक्याचा वाद झाला. जिथे तपासणी मुळात होतच नव्हती तिथे कुणाचं काही हिरावलं नाही, अशी एक बाजू. ज्याचा उपयोग जगाला ठाऊक आहे ते अडवून ठेवणं गैरच, अशी दुसरी. मला दुसऱ्या बाजूत जास्त वजन वाटतं, पण पहिलीला उडवून लावता येत नाही. हा वाद इंग्रजी नियतकालिकांत झाला. त्यावर पहिला हक्क त्या 497 गावांचा होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी काम उलट्या टोकाने सुरू केलं, लोकांना आधी विचारून. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा 39 गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं.

लोकांत जाऊन बोलण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. न्या. रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची जयकर व्याख्यानं, ही त्याचीच उदाहरणं. शिवाजी विद्यापीठाची अडचण एवढीच, की 1998 साली नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि वैद्यकीय महाविद्यालयं तिकडे जोडली गेली. पण जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान हे विभाग कोल्हापुरातच आहेत, सीपीआर रुग्णालयाचे डॉक्टरही. एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दोघं आले तरी पुरे. पडदा नको, प्रमाणपत्र नको.

तिथे पहिला प्रश्न पोरीला या कॅन्सरची लस द्यायची का, हा येईल. दुसरा, आमची तपासणी कधी? पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं धोरण सांगतं. शंभरातल्या सत्तर जणींची ती व्हावी, असं तिचं उद्दिष्ट आहे. मुडशिंगीत आजवर कितीजणींची झाली, हा आकडा आशाताईने उभं राहून वाचून दाखवावा आणि मग पाहुण्यांनी बोलायला सुरुवात करावी.