आधी बैठक ठरवा, मग यंत्र : घरगुती ध्वनिमुद्रणासाठी इंटरफेस आणि सॉफ्टवेअरची निवड

ब्रिटनमधील मराठी घरांत ध्वनिमुद्रणाचे निमित्त आता वर्षभर सापडते. गणेशोत्सवासाठी बसवलेली आरती, दिवाळीच्या कार्यक्रमातील अभिवाचन, मुलांच्या गाण्याच्या परीक्षेची तयारी, पॉडकास्ट, किंवा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीच्या तोंडच्या ओव्या. पहिल्या चार गोष्टी बिघडल्या तर पुन्हा करता येतात. शेवटची मात्र परतीच्या विमानाच्या तारखेला बांधलेली असते. म्हणून घरात ऑडिओ इंटरफेस घेताना ‘सर्वांत चांगला कोणता?’ या प्रश्नाआधी ‘एका वेळी माइकसमोर कोण कोण बसणार, आणि हा आवाज वीस वर्षांनी कोण उघडणार?’ हे दोन प्रश्न विचारावेत. निवडीचा बहुतेक भाग त्यांच्या उत्तरांतच असतो.

इंटरफेस नेमके काय करतो?

माइकमधून येणारा विद्युतसंकेत अतिशय क्षीण असतो. इंटरफेस तो वाढवतो, त्याचे अंकांत रूपांतर करून यूएसबीमार्गे संगणकाकडे पाठवतो आणि संगणकातला आवाज उलट वाटेने हेडफोनपर्यंत आणतो. पूर्वी ही कामे स्टुडिओतील अवजड कन्सोल करत असे. त्या कन्सोलच्या जगात नाव कमावलेल्या काही ब्रिटिश कंपन्याच आज घरगुती इंटरफेस बनवतात. रूपर्ट नीव्ह यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ‘फोकसराइट’चे मुख्यालय बकिंगहॅमशायरमधील हाय विकम येथे आहे. तिची ‘स्कार्लेट’ मालिका २०११ मध्ये आली. हॅम्पशायरमधील ‘ऑडियंट’ ‘इव्हो’ आणि ‘आयडी’ या मालिका काढते. ऑक्सफर्डजवळच्या बेगब्रोक येथील ‘सॉलिड स्टेट लॉजिक’ने २०२० मध्ये ‘एसएसएल २’ बाजारात आणला. या वर्गातील दोन माइकची यंत्रे साधारण १०० ते २०० पौंडांच्या दरम्यान मिळतात. त्यांच्या आवाजाच्या दर्जातील फरक घरच्या खोलीत सहसा ऐकू येत नाही. त्यामुळे निवड दर्जापेक्षा गरजेवर ठरते.

माइक मोजा, नावातले आकडे नव्हे

अभिवाचनाला किंवा एकट्याच्या पॉडकास्टला एक माइक पुरतो. मुलाखतीला दोन लागतात. स्वतः पेटी वाजवत गाणाऱ्यालाही दोन हवेत, एक गळ्यासाठी आणि एक पेटीसाठी. गायक, संवादिनी आणि तबला अशी छोटी बैठक असेल तर गणित चारवर जाते, कारण दायाँ आणि बायाँ यांचा स्वभाव इतका वेगळा की त्यांना स्वतंत्र माइक दिल्यास नंतर समतोल साधणे सोपे होते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मुद्रणात घ्यायचा असल्यास त्यासाठी आणखी एक लाइन इनपुट लागतो. तो न घेता तानपुरा गायकाच्या हेडफोनमध्येच ठेवणे बरे; नंतर तो हवा तितका मिसळता येतो.

येथे नावातील आकडे फसवतात. ‘मोटू एम४’ या यंत्राला चार इनपुट आहेत, पण माइक दोनच लागतात. ‘स्कार्लेट १८आय२०’ला माइक आठ लागतात, अठराचा आकडा लाइन आणि डिजिटल इनपुट धरून येतो. उलट ‘ऑडियंट इव्हो ८’ आणि ‘बेरिंगर यूएमसी४०४एचडी’ यांना खरोखरीच चार माइक जोडता येतात. म्हणून खोक्यावरच्या आकड्याऐवजी माइक प्रीअँप किती, एवढेच वाचावे. घरात महिन्यातून एकदा तरी बैठक जमत असेल तर चार माइकचे यंत्र घ्यावे. वर्षातून एकदाच जमत असेल तर दोनचे पुरे, कारण तबला नंतर स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित करता येतो.

हळू आवाजाची खरी परीक्षा

दुसरा निकष गेनचा, म्हणजे यंत्र आवाज किती वाढवू शकते याचा. तार सप्तकात गाणाऱ्या गायकाला तो फारसा लागत नाही. ऐंशीच्या घरातली व्यक्ती पुटपुटल्यासारखी बोलते, तेव्हा तो लागतो. पॉडकास्टमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘शूर एसएम७बी’ या डायनॅमिक माइकसाठी निर्मात्यांनीच किमान ६० डेसिबल गेन सुचवला आहे. ‘स्कार्लेट २आय२’च्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल गेन मिळतो, २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत ६९. जुने यंत्र स्वस्तात घेताना हा फरक लक्षात ठेवावा. कंडेन्सर माइक मुळातच अधिक संवेदनशील असल्याने हळू आवाजाला सोयीचा पडतो. त्याला यंत्राकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो आणि तो या सर्व यंत्रांत असतो. मात्र तो बॉयलरची घरघर आणि शेजारच्या घरातील दूरदर्शनही तितक्याच निष्ठेने टिपतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या इंग्रजी घरांत हा विचार आवश्यक आहे.

काही यंत्रे गेन आपोआप ठरवतात. ही सोय वापरताना गायकाला ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला लावू नये. बंदिशीतली सर्वांत चढी तान घ्यायला सांगावी. २४ बिटच्या मुद्रणात आवाजाची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली तरी काही गमावत नाही. शिखर शून्यावर आदळून फुटले, तर मात्र ते दुरुस्त होत नाही.

तिसरी गोष्ट विलंबाची. गायकाचा आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यानेही गाताना लय अडखळते. ‘डायरेक्ट मॉनिटरिंग’ची सोय असलेल्या यंत्रात आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो. ही सोय नसलेले यंत्र गाणाऱ्याने घेऊ नये.

सॉफ्टवेअर : कामाइतकेच घ्यावे

एकट्याचा आवाज मुद्रित करून चुका कापायच्या असतील तर मोफत मिळणारे ‘ऑडॅसिटी’ पुरेसे आहे. मॅक संगणक असणाऱ्यांना ‘गॅरेजबँड’ मोफत मिळते आणि त्यात अनेक ट्रॅकवर काम सहज होते. मात्र ते ४४.१ किलोहर्ट्झवरच चालते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारे ‘रीपर’ ६० दिवस वापरून पाहता येते. त्यानंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरना मिळतो. इंटरफेससोबत येणारी ‘लाइट’ सॉफ्टवेअरे शिकायला बरी असतात, पण त्यांत ट्रॅकची संख्या मर्यादित असते. मासिक वर्गणीची सॉफ्टवेअरे व्यावसायिकांना परवडतात. ज्या घरात गणपती आणि दिवाळीलाच मुद्रण होते, तिथे वर्गणी बंद पडल्यावर जुने प्रकल्प अडकून राहण्याचा धोका असतो.

परदेशस्थ घरांची आणखी एक खास गरज आहे. गायिका लेस्टरला आणि तबलजी पुण्याला असेल, तर दोघांनी इंटरनेटवर एकाच वेळी तालात वाजवणे जमत नाही. यात कुणाच्या तयारीचा दोष नाही. लंडन ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे आदर्श स्थितीतही एका दिशेला ३६ आणि जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात त्याहून अधिक. द्रुत लयीत तेवढ्यात सम निसटते. म्हणून एकाने ठेका मुद्रित करून पाठवावा आणि दुसऱ्याने त्यावर गावे. अशी देवाणघेवाण करताना दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच ठेवावा. ४८ किलोहर्ट्झचे मुद्रण चुकून ४४.१ समजून वाजवले गेले, तर लय मंदावते आणि स्वर पेटीवरच्या सुमारे दीड पट्टीने उतरतो.

वीस वर्षांनी उघडेल अशी फाइल

जात्यावरच्या ओव्यांचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण केले आणि ‘परी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून हा ठेवा वाचकांसमोर ठेवला. शब्द सर्व ओव्यांचे मिळतात. चाल, श्वास आणि गावाची बोली मात्र जिथे मुद्रण झाले तिथेच ऐकू येते.

घरातला ठेवाही याच नियमाने टिकतो. कोणत्याही सॉफ्टवेअरचा प्रकल्प हा त्या सॉफ्टवेअरपुरताच जिवंत असतो. म्हणून काम संपताच प्रत्येक ट्रॅक वेगळ्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये काढून ठेवावा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे प्रमाण सुचवले आहे. या प्रमाणाने एका माइकच्या एका तासाला सुमारे ५२० मेगाबाइट लागतात, म्हणजे स्वस्त डिस्कवरही शेकडो तास मावतात. ‘एमपी३’ नातेवाइकांना पाठवायला ठीक आहे. मूळ प्रत म्हणून ठेवायला नाही. एक प्रत घरात आणि एक दुसऱ्या शहरातील भावंडाकडे ठेवावी. फाइलच्या नावात व्यक्ती, गाव आणि तारीख लिहावी.

खरेदीआधी खोली

शेवटी थोडे पैसे यंत्रातून वाचवून खोलीकडे वळवावेत. टाइल लावलेले स्वयंपाकघर टाळावे. गालिचा, जाड पडदे आणि कपड्यांनी भरलेले कपाट असलेली झोपण्याची खोली बहुतेक घरांत सर्वांत चांगली ठरते. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. खरेदी ऑनलाइन केल्यास ब्रिटनमधील २०१३ च्या नियमांनुसार वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा हक्क असतो. त्या दोन आठवड्यांत ज्यासाठी यंत्र घेतले त्याच आवाजाचे मुद्रण करून पाहावे. पाहुण्यांच्या परतीची तारीख जवळ असेल, तर नव्या यंत्राची वाट पाहत थांबू नये. शांत खोलीत, गादीवर ठेवलेल्या फोनवर घेतलेले मुद्रणही न झालेल्या मुद्रणापेक्षा मोलाचे असते.