चोवीस बिट, त्यातले कामाचे किती?

एडीसीचं, म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरचं, काम एका ओळीत मावतं: व्होल्टेज आत, आकडा बाहेर. 1954 साली अमेरिकेत बर्नार्ड गॉर्डन यांच्या ‘डॅट्रॅक’ला एवढ्यासाठी 150 पौंड वजन आणि 500 वॅट वीज लागायची. व्हॅक्यूम ट्यूबांचं धूड, बिट 11. आज अर्डुइनो उनोच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये 10 बिटांचा एडीसी कोपऱ्यात पडून असतो.

10 बिट म्हणजे 1,024 पायऱ्या. 5 व्होल्टला भागलं की एक पायरी साधारण 4.9 मिलिव्होल्टची. मोजणी सराफाच्या तराजूसारखी: आधी निम्म्या व्होल्टेजचं वजन टाकायचं, सिग्नल भारी निघाला तर राहू द्यायचं, नाही तर उचलायचं. मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. दहा तुलनांत उत्तर हजर.

फारच घाई? मग ‘फ्लॅश’ एडीसी, सगळ्या तुलना एका दमात. 8 बिटांना 255 कंपॅरेटर लागतात. 16 बिटांना 65,535, म्हणून त्या फंदात कुणी पडत नाही.

आता खरी गंमत. हौशी मंडळींच्या वजनकाट्यांत सर्रास दिसणारी चिप एचएक्स711. तब्बल 24 बिट! पायऱ्या 1 कोटी 67 लाखांहून जास्त. गेन 128 ठेवला की रेंज उणे 20 ते अधिक 20 मिलिव्होल्ट, म्हणजे एक पायरी जेमतेम 2.4 नॅनोव्होल्टची. आणि चिपचा स्वतःचा नॉइज? सेकंदाला दहाच मोजण्या घेतल्या तरी सुमारे 50 नॅनोव्होल्ट. वीस पायऱ्या नुसत्या थरथरण्यात गेल्या! शेवटचे चार-पाच बिट शोभेचे. तेव्हा डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या ठळक आकड्याला लांबून नमस्कार करावा आणि आत ‘नॉइज-फ्री बिट’ किंवा ‘ईएनओबी’ (प्रत्यक्षात कामाचे बिट) शोधावं.

मल्टिमीटरमधला ड्युअल-स्लोप एडीसी संथ, पण बेरकी. तो सिग्नलची बेरीज 20 मिलिसेकंदांच्या पटीत करतो. आपल्या 50 हर्ट्झ विजेचं एक आवर्तन नेमकं तेवढंच, त्यामुळे तिची गुणगुण बेरजेत शून्य होते.

आणि सीडीचे सेकंदाला 44,100 नमुने? कानाला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, नमुने त्याच्या दुपटीहून जास्त हवेत, इथवर ठीक. पण वरचे 100 कशाला? तर डिजिटल आवाज तेव्हा व्हिडिओ टेपवर नोंदवत: ओळीला 3 नमुने, फील्डला 245 ओळी, सेकंदाला 60 फील्ड. करा गुणाकार.