घरांत येणारा अंक आणि अपशब्द

मासिकाचा अंक घरांत येतो तो एकट्या वर्गणीदाराकडे येत नाहीं. सकाळीं आजोबा तो चाळतात, दुपारचीं कामें आटोपल्यावर सासूबाई आणि सुना तो आळीपाळीनें वाचतात, आणि शाळेंतून आलेलीं मुलें चित्रें पाहतां पाहतां एखाद्या शब्दावर येऊन थांबतात. आमच्या ठाणें-कल्याण-डोंबिवलीकडे तर एका अंकाचीं घरें मोजूं गेल्यास बोटें पुरावयाचीं नाहींत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून वाचकांच्या हातीं पुस्तकें-मासिकें देत आलेलीं आहेत. दिवाळीनंतर अशा वाचनालयांतून एकेक अंक कितीएक बिऱ्हाडें हिंडून येतो. अशा अंकांत उघडी शिवी छापलेली आढळली, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडावी हें स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच कीं, ती आठी नेमकी कशासाठीं पडावी, आणि पडल्यावर आपण करावें काय?

याला कायदा आहे, असें पुष्कळांस वाटतें. कायदा आहे, पण तो अश्लीलतेचा, शिवीचा नव्हे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. तीवर खटला झाला, उच्च न्यायालयानें दोष धरला, परंतु १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लेखकास निर्दोष ठरविलें. कोंवळ्या वयाच्या वाचकाच्या हातीं पडेल या भयानें सर्वच लेखनाचें माप त्या वयापुरतें कापतां येत नाहीं, असा त्या निकालाचा भावार्थ. समरेश बसू यांची ‘प्रजापति’ ही बंगाली कादंबरी ‘देश’च्या शारदीय अंकांत, म्हणजे आपल्या दिवाळी अंकाच्या भावंडांतच, प्रसिद्ध झाली होती. तिच्यावरील खटल्यांत त्याच न्यायालयानें १९८५ सालीं सांगितलें कीं, जें ग्राम्य तें अश्लील असेलच असें नाहीं. पुढें १९ मार्च २०२४ रोजीं ‘कॉलेज रोमान्स’ या वेब-मालिकेच्या प्रकरणीं तर निव्वळ शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, हें अगदीं स्पष्ट झालें. शिवी ऐकून किळस येईल, संताप येईल. पण कामविकार जागृत होतो असें म्हणतां येत नाहीं.

आमच्या मतें हें योग्यच झालें. सभ्यतेचें रक्षण पोलिसाच्या हातीं देणारा समाज आपलें स्वतःचें काम दुसऱ्यावर ढकलतो. लेखक स्वतंत्र आहे. संपादक मात्र पंगतीचा यजमान आहे. पानांत काय वाढावें याचा विचार त्यानें लहानथोर सर्वांकडे पाहून करावयाचा असतो, आणि तो त्यानें केला नाहीं तर पाहुण्यांनीं तसें सांगावयाचें असतें. परंतु सांगण्यापूर्वीं आपला आक्षेप कशावर आहे हें आपण स्वतःस विचारलें पाहिजे.

या बाबतींत १९७२ सालचें एक प्रकरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. साने गुरुजींनीं १५ ऑगस्ट १९४८ रोजीं सुरू केलेलें ‘साधना’ साप्ताहिक हें सुशिक्षित घरांतून निःशंकपणें वाचलें जाणारें पत्र. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेल्या त्याच्या विशेषांकांत राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अवमानास ३०० रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणारास ५० रुपये, ही विपरीत तुलना मांडून ढाल्यांनीं संतापाच्या भरांत ध्वजाविषयीं अर्वाच्य शब्द लिहिले. मोठा गहजब उडाला. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेंहि आक्षेप घेतला. तो आक्षेप निराधार होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या ध्वजासाठीं माणसांनीं प्राण वेंचले त्याविषयीं असें वाचून मन दुखावणारच. परंतु धुरळा उडाला तो बहुतेक त्या शब्दांभोंवतीं. पन्नास रुपयांचा प्रश्न त्यांत झांकला गेला. त्या शब्दांनीं कान विटाळले असें म्हणणाऱ्यांनीं, ज्या घटनेपोटीं ते शब्द उपजले तिनें आपलें मन विटाळलें काय, हेंहि पाहावयास हवें होतें.

शिवीचा अर्थ शांतपणें लावून पाहिला तर ही गोष्ट अधिक उघड होते. भांडण दोन पुरुषांचें असतें, आणि लाज निघते ती तेथें नसलेल्या कोणाच्या तरी आईची वा बहिणीची. विधवेला जुन्या मराठींत जो शब्द होता तोच पुढें शिवी झाला, आणि ती शिवी कांहीं केवळ बाजारांत वावरली नाहीं. सोंवळें पाळणाऱ्या घरांतल्या माजघरांतहि ती होती. कित्येक अपशब्द म्हणजे तर नुसतीं जातींचीं नांवें. जातीवरून माणसास हिणविणाऱ्या म्हणी आपण ‘जुन्या म्हणी’ म्हणून जेवतांना हंसत सांगतों, मुलें त्या उचलतात, आणि कोणाच्याहि कपाळास आठी पडत नाहीं. अनुसूचित जाति-जमातींच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून पाणउतारा करणें हा १९८९ च्या कायद्यानें गुन्हा आहे. आपल्या माजघरांतील शिष्टाचारानें मात्र तो अद्याप गुन्हा मानलेला नाहीं.

म्हणून अंकांत अपशब्द दिसतांच दोन गोष्टी पाहाव्या. तो कोणाच्या तोंडीं आहे, आणि तो कोणास लागतो? ज्यानें आयुष्यभर शिव्याच खाल्ल्या, त्याच्या आत्मकथेंत त्या जशाच्या तशा आल्या तर ती साक्ष होय. साक्षीदारास शब्द बदलावयास सांगूं नये. परंतु गोष्टीस तिखटपणा यावा, विनोदास टाळ्या पडाव्या, एवढ्यासाठीं जो लेखक कोणाची आई-बहीण वा जात काढतो, त्याच्यावर आक्षेप अवश्य घ्यावा. संपादकास पत्र लिहावें. कोणत्या पानावर, कोणता शब्द आणि तो कां नको, हें नेमकें सांगावें. अंक जाळण्याची वा छापखान्यावर चालून जाण्याची भाषा ही सुद्धां एक शिवीच आहे. संपादकानेंहि अशा लेखाच्या आरंभीं दोन ओळींची सूचना द्यावी. नुसत्या फुल्या घालून भागत नाहीं. फुल्यांमुळें मुलांस कोडें सोडविण्याचा आनंद तेवढा मिळतो.

शब्दावर आक्षेप घेणें आणि लेखकाची मुस्कटदाबी करणें या गोष्टी भिन्न आहेत. ‘साधने’तील शब्दांवर आक्षेप घेणाऱ्या दुर्गाबाईच १९७५ सालीं, ऐन आणीबाणींत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठीं उभ्या राहिल्या.

राहतां राहिलें मूल. अंक त्याच्यापासून लपविला तरी तो शब्द त्यास रस्त्यांत, आगगाडींत, भ्रमणध्वनीवर भेटणारच आहे. त्यानें अर्थ विचारला तर ‘शहाणीं मुलें असें बोलत नाहींत’ एवढें सांगून त्याची बोळवण करूं नये. हा शब्द कोणाच्या तरी आईला लागतो, कोणाच्या तरी जातीला लागतो, म्हणून तो आपल्या घरांत नको, असें त्यास सांगावें. आणि मग जेवतांना ती जुनी म्हण आपणहि सांगूं नये.