भूक आवरणारी औषधे

ऊसतोडीसाठी दरवर्षी हजारो कुटुंबे ज्या बीड जिल्ह्यातून बाहेर पडतात, तिथे भूक कमी करण्याच्या औषधाची गोष्ट काढणे जरा विचित्रच. पण मधुमेह आणि वाढते वजन आपल्या शिक्षकखोलीतही आहेच.

‘सिब्युट्रामीन’ हे औषध मेंदूतील चेतापेशींदरम्यान सिरोटोनिन व नॉरॲड्रिनलिन ही रसायने अधिक वेळ रेंगाळत ठेवी. त्यामुळे थोड्या जेवणाने पोट भरल्यासारखे वाटे. मात्र नॉरॲड्रिनलिन हृदयालाही पिटाळते. नाडी व रक्तदाब वाढे. हृदयविकार असलेल्यांत झटक्यांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. तरीही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत तेच सापडले आहे!

आजचे सेमाग्लुटाइड वेगळे. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाची ती नक्कल आहे. जठर सावकाश रिकामे होते, मेंदूला तृप्तीचा निरोप जातो. मळमळ कमी व्हावी म्हणून डॉक्टर अल्प मात्रेने सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने वाढवतात. आपण घाई करून उपयोग नाही. इन्शुलिन घेत असल्यास आधी सांगायलाच हवे, नाहीतर रक्तातील साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदरपणात ते घेत नाहीत. औषध थांबवले की भूक परतते, आणि बहुतेकांत बरेचसे वजनही.