घरातील जिमसाठी साउंड सिस्टिम : खोक्यावरच्या वॅटला भुलू नका

ट्रेडमिल आणि डंबेल्स आणून घराच्या एका खोलीतच जिम करणारी कुटुंबे शहरांत बरीच दिसू लागली आहेत. यंत्रे बसली की आवाजाची सोय हवी असते. ग्राहक दुकानात येतो आणि पहिला प्रश्न करतो, "किती वॅटचा आहे?" येथेच तो फसतो. दुकानदारांनी आणि जोडणी करणाऱ्या कारागिरांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर ग्राहकाचा पैसा वाचेल आणि आपले नावही टिकेल.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'पीएमपीओ' हा आकडा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. सतत मिळणारी शक्ती 'आरएमएस' या आकड्यावरून कळते. ग्राहकाला तोच दाखवावा.

दुसरा आकडा स्पीकरच्या संवेदनक्षमतेचा. ८८ डेसिबलचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले तरी वाढ केवळ ३ डेसिबलची होते. म्हणजे १० वॅटवर तोच स्पीकर ९८ डेसिबलपर्यंत जातो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला दर स्पीकरमागे २०-३० वॅट आरएमएस पुष्कळ झाले.

त्याहून अधिक आवाज कानाला घातक आहे. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती एका तासावर येते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, हे तरुण ग्राहकाला अवश्य सांगावे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. खर्जाचा आवाज भिंतीतून व स्लॅबमधून सहज पलीकडे जातो. म्हणून फ्लॅटमध्ये सबवूफर शक्यतो टाळावा आणि स्पीकरखाली रबराचा जाड तुकडा घालावा.

कारागिरांसाठी थोडे. स्पीकर जमिनीवर, वजनांच्या शेजारी ठेवू नये. तो भिंतीवर ब्रॅकेट लावून कानाच्या उंचीच्या थोडा वर, व्यायाम करणाऱ्याकडे झुकवून बसवावा. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज घुमतो. दोनपैकी एका स्पीकरची लाल-काळी टोके उलटी जोडली गेली, तर खर्ज हरवतो आणि ग्राहक मालाला दोष देतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीत समांतर लावल्यास भार ४ ओहमचा होतो. ॲम्प्लिफायरवर ४ ओहमची परवानगी लिहिलेली नसेल, तर तो तापून निकामी होऊ शकतो. वायर चालण्याच्या वाटेत व ट्रेडमिलच्या पट्ट्याजवळ नसावी. घामाचे हात लागणारा छोटा ब्लूटूथ स्पीकर द्यायचा असल्यास 'आयपीएक्स-४' म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेला द्यावा.

विक्रीपूर्वी तीन गोष्टी विचारा : खोली केवढी, भिंतीपलीकडे कोण राहते आणि व्यायामाची वेळ कोणती? उत्तरे ऐकून लहान संच पुरेसा वाटला, तर लहानच द्या. त्या दिवशीचा नफा थोडा घटेल, परंतु तोच ग्राहक उद्या आपल्या भावाला घेऊन तुमच्याच दुकानी येईल.